आप्पांचा जबडा

"आप्पा, डावीकडनं चावून दाखवा बघू."

"जेवताना बी परीक्षा घेतीस व्हय?"

"दाखवा तर."

आप्पांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, पार लगदा होईपर्यंत भिजू दिला आणि हळूच उजव्या गालात सरकवला. मग माझ्याकडे बघत डावीकडून चावल्यासारखं केलं. मी काही दूधखुळी नव्हते.

"दात दुखतोय," मी म्हटलं.

"न्हाई."

"गाल सुजलाय."

"मफलर गुंडाळून झोपलो हुतो. त्येचा वळ हाय."

आई गॅसपाशी पाठमोरी उभी राहून भाकरी थापत होती. ती वळून बघेना, यावरूनच मला कळलं की तिला सगळं ठाऊक आहे. या दोघांनी मिळून मला आणखी कशाकशात फसवलं असेल, देव जाणे. माझं डोकंच सटकलं.

मी तेव्हा एसटीत कंडक्टर होते, सांगली आगारात. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी आले होते. दिवसभर 'पुढे सरका, सुट्टे काढा' म्हणून ओरडायचं आणि घरी येऊनही आवाज खाली आणायचा नाही, अशी माझी ख्याती होती. तो आवाज मुळात आप्पांचा. हिंदुराव साळुंखे म्हटलं की हळदीच्या पेठेत कुणाला पत्ता विचारावा लागत नसे. मगदूम शेटांच्या अडतीत ते सौदे पुकारायचे. हळदीचे व्यापारी मोठे चिवट असतात. तोंडानं बोली लावतील तर शपथ. कुणी भुवई उचलतो, कुणी टोपी सरकवतो, कुणी हातातलं हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि नुसतं हुं करतो. ढिगावर उभं राहून ते सगळं नजरेनं टिपायचं आणि पुकारत पुकारत भाव वर न्यायचा, हे आप्पांचं काम. गाडी खाली करण्याआधी शेतकरी विचारायचे, "हिंदुराव हायत न्हवं?" ते असले की भाव चढतो असं लोक म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्या दातदुखीच्या दोन वर्षं आधी आप्पांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली होती. कॅन्सर. मिरजेच्या दवाखान्यात किरणांचे उपचार झाले. पावसाळ्यात पेठ थंड असते, तेवढ्यात सगळं उरकलं. शेटना सांगितलं, कावीळ झाली आहे, गावाकडे जाऊन पथ्य करतो. गाठ गेली. मानेची कातडी काळवंडली, ती मफलरखाली झाकली. तोंडातली लाळ आटली ती मात्र परत आली नाही. आप्पा पाण्याची बाटली घेऊन ढिगावर चढायला लागले आणि दर दोन बोल्यांमागे घोट घ्यायला लागले. उन्हाळा लई हाय म्हणायचे. थंडीतही म्हणायचे.

मला वाटायचं, आप्पांना लाज वाटते. कॅन्सर म्हटलं की लोक पेला वेगळा ठेवतात, ते त्यांना नको असेल. म्हणून मी फार ताणलं नाही. पण दातांच्या बाबतीत मी हात धुऊन मागे लागले होते, कारण मिरजेच्या तेंडोलकर डॉक्टरबाईंनी बजावलं होतं ते मी विसरणं शक्य नव्हतं. उपचार सुरू करायच्या आधी त्यांनी आप्पांचे किडके दात काढले, जखमा भरू दिल्या आणि मग मला समोर बसवून सांगितलं, "किरणांनी गाठ मरते, पण वाटेतल्या हाडालाही झळ बसते. जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. हाड बाहेरून धडधाकट दिसतं, पण जखम भरून काढायची ताकद त्यात राहत नाही. पुढे कधी तिथला दात उपटला तर खड्डा भरणार नाही. हाड उघडं पडेल, सडेल, आणि एखाद्या दिवशी घास चावताना जबडा मोडेल. वर्षानं नाही, दहा वर्षांनीही हेच. दात दुखला तर इथं यायचं. बाहेर कुठंही काढायचा नाही."

लाळ नसली की दात हिरडीपाशी भराभर किडतात, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून रोज मीठ-सोड्याच्या गुळण्या आणि दातांना लावायचं औषध. आप्पा औषध लावायचे ते मी समोर उभी असले तरच.

"उद्या सकाळी मिरज," मी म्हटलं. "मी ड्यूटी बदलून घेते."

"उद्या मुहूर्ताचं सौदं हायत."

"असू देत."

"असू देत म्हणं! मग पुकारायचं कुणी? तू?"

"हो, मी. काय कमी आवाज आहे मला?"

आई फसकन हसली. आप्पाही हसले, पण हसताना त्यांचा हात गालावर गेला आणि मी तो बघितला.

"परवा जाऊ," आप्पा म्हणाले. "तुझी शपथ, परवा. मुहूर्ताला मी न्हाई असं आजवर झालेलं न्हाई."

"मग शेटना खरं सांगून टाका. म्हणजे सुट्टी मागायला अडचण नाही."

आप्पांनी ताट बाजूला सारलं. "उजे, एवढं सोडून काय बी बोल. शेटला सांगायचं न्हाई. मी मेलो तरी सांगायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी आष्ट्याची फेरी करून मी दुपारी जेवायला घरी आले, तर आई दारातच उभी. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

"काय झालं?"

"पुकारता पुकारता तोंड धरून ढिगावरच बसलं म्हणं. शेट स्वतः स्कूटरवर घालून घेऊन गेलं."

"कुठं?"

"पेठेच्या तोंडाला त्यो नवा दाताचा दवाखाना झालाय न्हवं, तितं. वाटंत हितं थांबलं हुतं, मला सांगायला. शेट म्हणालं, वैनी, काळजी करू नका, दात उपटून टाकू आन् तासाभरात ह्येंना परत ढिगावर हुबं करतो."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"शेटच्या म्होरं मी काय बोलू गं? ह्येनी डोळ्यानं दटावलं मला."

मी काय बोलले ते आता आठवत नाही, बरं काही नसणार. तिकिटांची पिशवी खांद्याला तशीच होती. पेठ आमच्या घरापासून लांब नाही, पण हळदीच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. बैलं, ट्रक, हमाल, सगळीकडे पिवळी धूळ. एरवी मी माणसांना पुढे सरकायला सांगते, तेव्हा सांगायलाही दम नव्हता. ढकलत गेले. मनात एकच चाललं होतं, गेला असेल दात. आतापर्यंत गेला असेल.

गेला नव्हता. आप्पा खुर्चीत आडवे होते, गळ्याखाली निळं फडकं. मफलर आणि टोपी बाबूशेट मगदूमांच्या हातात. इंजेक्शन देऊन झालं होतं. आप्पांचा डावा ओठ लोंबत होता. डॉक्टर तरुण होता, हातात चिमटा घेऊन दिवा नीट करत होता.

"थांबा," मी म्हटलं. "काढू नका."

"तुम्ही कोण?"

"मुलगी."

डॉक्टरांनी चिमटा खाली आणला. "बरं झालं आलात. मलाही शंका येत होती. तोंड एवढं कोरडं, सगळे दात हिरडीपाशी काळे, मानेची कातडी अशी. मी यांना तीनदा विचारलं, काही मोठा आजार झाला होता का, काही उपचार घेतलेत का. तिन्ही वेळा नाही म्हणाले."

"कावीळ झालती की," शेट म्हणाले. "दोन वर्सांमागं."

आप्पा माझ्याकडे बघत होते. तोंड उघडंच होतं, त्यात कापूस. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको. मी आप्पांना कुणापुढे हात पसरताना पाहिलं नव्हतं. भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यांना ते ढिगावरून चारचौघांत सुनावत. आणि तेच आप्पा त्या खुर्चीतून माझ्याकडे असे बघत होते, जसं एखादं पोर मार चुकवण्यासाठी बघतं. मला त्यांची कीव आली. रागही आला, इतका आला की दोन्ही एकदमच झालं. एका दातासाठी हा माणूस जबडा सडवून घ्यायला तयार होता, आणि तेही कुणासाठी, तर टोपी धरून उभ्या असलेल्या शेटसाठी!

"कावीळ नाही, कॅन्सर झाला होता," मी म्हटलं. "जबड्यावर किरणं घेतलीत. दात काढला तर हाड सडेल."

डॉक्टरांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि स्टूल ओढून बसले. "बाप रे," एवढंच म्हणाले.

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

मी शेटकडे बघितलं. माझी तयारी होती. हा माणूस आता मागं सरकेल, हातातली टोपी खाली ठेवेल, मग मी त्याला असं सुनावेन की पेठेला ऐकू जाईल. पण बाबूशेटांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी पुढे होऊन आप्पांच्या कपाळावर हात ठेवला.

"हिंदुराव, येवढं सोसलं आन् मला कावीळ सांगितली? मी काय परका हाय व्हय? आन् मी तुमाला त्या ढिगावर उनातानात... छे छे." त्यांनी नाक पुसलं. "आजपासनं तुमी पुकारायचं न्हाई. ढिगावर चढायचंच न्हाई."

आप्पांनी तोंडातला कापूस काढला. काहीतरी बोलायला लागले. पण अर्धी जीभ आणि अर्धा ओठ सुन्न. शब्द फुटेना, नुसती थुंकी हनुवटीवर आली. "हेत... ई... उकार..." पुकारतो म्हणत होते बहुतेक. शेटनी खिशातला रुमाल काढून त्यांची हनुवटी पुसली. "गप, गप. बोलू नका. तरास हुईल."

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. तेंडोलकरबाईंनी दातातली नस काढली, वरचा भाग हिरडीच्या पातळीला कापून टाकला आणि मुळं जिथल्या तिथं राहू दिली. दोन-चार खेपा माराव्या लागल्या. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही वेळेवर पोचलात म्हणून. नाहीतर आज मी यांच्या जबड्याचं काय करायचं याचा विचार करत बसले असते." मी हरखून आप्पांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

दुखणं थांबल्यावर आप्पा इस्त्रीचा सदरा घालून पेठेत गेले. संध्याकाळी लवकरच परत आले.

"काय झालं?"

"काय न्हाई. गादी घातलीया माझ्यासाठी. तक्क्या बी हाय."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, चांगलं झालं की. दोन-तीन दिवसांनी सुट्टी होती म्हणून जेवणाचा डबा द्यायला गेले, तेव्हा पाहिलं. अडतीच्या ओट्यावर शेटच्या गादीशेजारी दुसरी गादी. डोक्यावर पंखा, शेजारी झाकण घातलेला पाण्याचा तांब्या. आप्पा त्यावर मांडी घालून बसलेले, पाहुण्यासारखे. समोर ढिगावर विट्याकडचा कुणी माणूस पुकारत होता. आवाज बरा होता, पण नजर नव्हती. कोपऱ्यातल्या व्यापाऱ्यानं टोपी सरकवली ती त्याला दिसली नाही. आप्पांना दिसली. ते गुडघ्यावर उठले, तोंड उघडलं. लगेच इकडून हमाल, तिकडून दिवाणजी धावले. "बसा हिंदुराव, बसा. काय पायजे? पाणी देऊ?" व्यापारीही वळून बघायला लागले, चेहऱ्यावर सगळ्यांच्या एकच माया. सौदा कमी भावात मिटला. आप्पा खाली बसले आणि त्यांनी दिलेलं पाणी प्यायले.

मी शेटना बाजूला घेतलं.

"शेट, डॉक्टरांना विचारलंय मी. ओरडल्यानं जबड्याला काही होत नाही. उलट तोंड जेवढं हलेल तेवढं चांगलं, नाहीतर आखडतं. पुकारू द्या त्यांना."

"डॉक्टर म्हणतील हो ताई. उद्या ढिगावर चक्कर येऊन पडलं तर? माझ्या जिवाला चैन पडंल व्हय?"

"दोन वर्षं पुकारलंच की त्यांनी! या आजारानंतरच!"

"तवा मला ठावं नव्हतं."

"म्हणजे ठाऊक नव्हतं तेव्हा ते धडधाकट होते आणि ठाऊक झालं तर आजारी?"

शेटनी हात जोडले. खरोखर जोडले. "पगार पुरा देतोय. सणाला जादा देईन. घरातल्या मानसासारखं ठेवतोय. आनखी काय करू, तुमीच सांगा. हिंदुरावला मी हातानं ढिगावर चढवून मारू?"

काय सांगणार कपाळ! भांडायला समोरचा माणूस थोडा तरी वाईट लागतो. शेटनी आप्पांचा पेला वेगळा ठेवला असता तर मी तो त्यांच्याच ओट्यावर फोडला असता. त्यांनी तर स्वतःच्या पेल्यातला चहा आप्पांना ओतून दिला होता, माझ्यादेखत. आप्पांसाठी पुकारायचं काम मागायला मी आणखी दोन अडतींत जाऊन आले. दोन्हीकडे मला बसवलं, चहा दिला, आप्पांची चौकशी केली, आणि हिंदुरावांनी आता आराम करावा असं सांगितलं. मी त्या चहानं जळत बाहेर पडले.

घरी जाताना आप्पा आणि मी चालत निघालो. मी चिडलेलीच होते, आणि चिडले की मला गप्प बसता येत नाही.

"लोकांनी काय केलं तुम्हाला? कुणी वाळीत टाकलं? उगाच लपवलंत. आधीच सांगितलं असतंत तर शेटनी काय तुम्हाला हाकललं असतं?"

"हाकलायचं कोण बोलतंय?" आप्पा म्हणाले. "पेल्याचं, वाळीत टाकायचं, ते सगळं तुझ्या डोक्यात. माझ्या न्हवं."

"मग?"

त्यांनी बाटली उघडली. पाणी प्यायले. बाटलीचं झाकण लावलं.

"माझ्या आदी महिपती पुकारायचा. तू बगितला न्हाईस. काय आवाज, उजे! एकदा ढिगावर त्येला भोवळ आली. नुसती भोवळ, उपाशी हुता म्हणून. तवाच्या शेटनी, बाबूशेटच्या वडलांनी, त्येला गादी दिली. पुरा पगार, दोन टायम च्या. त्येच्या जागी ढिगावर मला चढवलं. महिपती गादीवर बसून माझ्याकडं बगायचा. रोज बगायचा. मी चुकलो की त्येचं व्हट हलायचं. सगळी मानसं लई मायेनं वागायची त्येच्याशी." आप्पा थांबले. "मी बी वागायचो."

"आप्पा, जबडा मोडला असता तुमचा."

"व्हय."

"मग मी काय करायला हवं होतं? गप्प बसायचं?"

"तू केलंस त्ये बरुबर केलंस," आप्पा म्हणाले. "तुला बोल लावत न्हाई मी."

बोल लावला असता तर बरं झालं असतं. मला तेव्हा कुणीतरी दोन थोबाडीत माराव्यात किंवा मी कुणाला तरी माराव्यात, असं वाटत होतं. मी बरोबर होते. आज विचाराल तर आजही त्या खुर्चीपाशी तेच बोलेन, त्याच आवाजात. आणि आजही शेटच्या ओट्यावरून तशीच हात हलवत परत येईन.

आप्पा पुढे कितीतरी हंगाम त्या गादीवर बसले. घरात बोलणं कमी झालं असं नाही. माझ्याशी, आईशी नीट बोलायचे, फक्त मोठ्यानं असं काही बोलायचे नाहीत. औषध मात्र न सांगता लावायला लागले, गुळण्याही करायचे, मी मागे लागायची गरज उरली नाही.

तेंडोलकरबाईंकडे तपासणीला आम्ही दर वर्षी जायचो. अशाच एका वर्षी बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि आम्हाला दोघांना जवळ बोलावलं. त्यांच्याकडे दोन शिकाऊ डॉक्टर मुली आल्या होत्या, त्यांनाही दाखवलं. "हे बघा, इथली मुळं राहू दिली होती. हाड किती छान राहिलंय बघा. कुठं कणभर सडलेलं नाही. एवढी किरणं घेतलेल्या माणसाचा असा जबडा मला क्वचित बघायला मिळतो." त्या खरंच खूश होत्या. मग आप्पांच्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "काय साळुंखे काका, जबडा एकदम ठणठणीत. आता आणखी काय पाहिजे?"

आप्पांनी तो एक्स-रे हातात घेतला. जरा वेळ बघितला आणि परत दिला.

"कुटं काम असलं तर सांगा की त्येला," ते म्हणाले. "बसून हाय."

बाई मोठ्यानं हसल्या, त्या मुलीही हसल्या. पेशंट मोठा गमत्या आहे, असं त्यांना वाटलं असावं. मी पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन केसपेपरच्या रांगेत उभी राहिले, कारण तिथं निदान कुणाशी तरी भांडता आलं असतं.